वादळात पडलेली झाडे : वाडीची साफसफाई आणि वाचविण्याजोगी झाडे

१७ मे २०२१ रोजी तौक्ते नावाचे चक्रीवादळ मुंबईच्या पश्चिमेकडून, समुद्रातूनच, उत्तरेस सरकत गेले आणि त्याच रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर दीवजवळ आदळले. वादळाचा मध्य मुंबईच्या भूमीवर आला नाही. तरी वाऱ्याच्या झोतांचा वेग ताशी १०० किलोमीटरांच्या वर गेला आणि सांताक्रूझ येथे चोवीस तासांत सुमारे २३० मिलिमीटर पाऊस पडला. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत झाडे उन्मळून पडली. त्यानंतर ९ जून रोजी मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. म्हणजे पडलेली झाडे हलविणे, घरावरील कौले नीट करणे आणि गटारे मोकळी करणे या सर्व कामांस लोकांना जेमतेम २३ दिवस मिळाले. आदल्या वर्षी ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले, तेव्हा तर मुंबईत पाऊस १४ जूनलाच सुरू झाला आणि अवधी केवळ ११ दिवसांचा होता.

मुंबईला वादळ नवे नाही. नोव्हेंबर १९४८ मधील वादळ जुन्या लोकांनी पाहिलेले होते, आणि ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळही याच किनाऱ्यावर आले. परंतु ती दोन्ही वादळे पावसाळा संपल्यावरची होती. मे-जूनच्या वादळात एक अधिक अडचण असते. झाड पडते आणि लागलीच चार महिन्यांचा पाऊस त्याच्यावर सुरू होतो. ओले लाकूड कुजू लागते, मुळांच्या खड्ड्यात पाणी साचते आणि जे झाड उचलून लावता आले असते ते तोवर मरून जाते. म्हणून कोणते झाड आधी हलवावे, कोणते उभे करावे आणि कोणते लाकूड वाडीत मुळीच राहू देऊ नये, याचा निर्णय पहिल्या आठवड्यातच घ्यावा लागतो.

मुंबई उपनगर जिल्हा म्हटले की उंच इमारती डोळ्यांपुढे येतात. तथापि बोरिवलीच्या खाडीपलीकडे गोराई व मनोरी, मालाडच्या पश्चिमेस मढ व एरंगळ, तसेच आरेच्या परिसरातील पाडे येथे अजूनही कौलारू घरे, घरामागे माड, आंबा, फणस, चिंच व ताड आणि थोडा भाजीपाला अशी वाडी आढळते. गोराईस बोरिवलीहून जावयाचे तर होडीने खाडी ओलांडावी लागते. रस्त्याने जाणाऱ्यास भाईंदर-उत्तनचा वळसा पडतो. वाडीतील पायवाटा इतक्या अरुंद असतात की क्रेन घरापर्यंत पोचत नाही. अशा ठिकाणी पडलेले झाड घरच्या माणसांनी व शेजाऱ्यांनी मिळूनच काढावयाचे असते.

तार, पंचनामा आणि परवानगी

वारा थांबताच कुऱ्हाड घेऊन धावण्याची सवय घातक आहे. झाड पडताना बहुधा वीज नेणारी तार बरोबर घेऊन पडते, आणि ती पानांखाली दिसत नाही. ओल्या फांदीतूनही विजेचा धक्का बसतो. तार तुटलेली असो वा नुसती लोंबत असो, वीजपुरवठा बंद केल्याचे कंपनीच्या माणसाने प्रत्यक्ष सांगेपर्यंत झाडास हात लावू नये. अंधेरी-बोरिवलीच्या बाजूस अदानी कंपनीकडे, तर मुलुंड-भांडुपच्या बाजूस महावितरणकडे तक्रार नोंदवावी. घरातील मुख्य बटण बंद केले म्हणजे बाहेरची तार निर्जीव झाली असे मुळीच नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे.

दुसरी गोष्ट कागदाची. झाड कापण्यापूर्वी ते पडलेल्या स्थितीत चारी बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि वाडीतील पडलेल्या झाडांची जातवार संख्या लिहून काढावी. तलाठ्याकडून, ज्या पदास हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पंचनामा करून घ्यावा. या संख्येस किती महत्त्व आहे हे निसर्ग वादळानंतर दिसून आले. कोकणातील वाडी काही गुंठ्यांची असते आणि तीत माड, पोफळी, आंबा व जायफळ एकमेकांत मिसळून लावलेली असतात. हेक्टरी हिशेबाने मिळणारी मदत अशा वाडीस नगण्य ठरली, तेव्हा शासनाने नारळास झाडामागे २५० रुपये व सुपारीस झाडामागे ५० रुपये असा हिशेब धरला. ज्याने मोजणीपूर्वीच ओंडके करून टाकले त्यास आपली झाडे दाखविणे कठीण गेले असणार, हे उघड आहे.

उपनगरांत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. उभे झाड, मग ते स्वतःच्या अंगणातले का असेना, महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून तोडता येत नाही. वादळाच्या निमित्ताने नको असलेले उभे झाडही उरकून घेण्याचा मोह काहींना होतो, तो टाळावा. झुकलेले व धोकादायक वाटणारे झाड असल्यास आपल्या विभाग कार्यालयातील उद्यान खात्यास कळवावे. बोरिवलीस आर मध्य, अंधेरीस के पूर्व व के पश्चिम, घाटकोपरास एन आणि मुलुंडास टी असे विभाग आहेत. रस्त्यावर पडलेल्या झाडासाठी महानगरपालिकेचा १९१६ हा क्रमांक आहे. खाजगी आवारातील झाडाचा बंदोबस्त मात्र मालकानेच करावयाचा असतो.

खोड कापण्याची रीत

पडलेले झाड निश्चल दिसते, पण त्याच्या अंगात ताण भरलेला असतो. वाकविलेल्या धनुष्याप्रमाणे ते सुटण्याची वाट पाहत असते, आणि करवत चालविणाऱ्यास इजा होते ती बहुधा या ताणामुळेच. म्हणून कापण्यापूर्वी खोड कोठे टेकले आहे आणि कोठे अधांतरी आहे, हे खाली वाकून पाहावे.

खोड दोन्ही टोकांस टेकलेले व मध्ये अधांतरी असेल, तर त्याची वरची बाजू दाबली गेलेली व खालची ताणलेली असते. अशा खोडास वरून सुमारे एक-तृतीयांश कापावे आणि मग खालून वर कापत नेऊन दोन्ही काप एकमेकांस मिळवावेत. सर्व काप वरूनच दिला तर करवत फटीत चिमटली जाते. खोड एका टोकास टेकलेले व दुसरे टोक हवेत असेल, तर उलट करावयाचे. प्रथम खालून एक-तृतीयांश व नंतर वरून. असे न केल्यास खोड उभे चिरत जाऊन त्याचा फाटलेला भाग माणसाच्या छातीवर उसळतो. फट मिटू लागल्यास तीत लाकडी पाचर ठोकावी.

मुळांसकट उन्मळलेल्या झाडाचा धोका निराळा आहे. मुळांचा मोठा गड्डा मातीसह उभा राहतो आणि त्याच्या मागे खड्डा पडतो. खोड कापून वजन कमी होताच हा गड्डा झटक्याने मागे फिरून पुन्हा खड्ड्यात बसू शकतो. त्या खड्ड्यात मुले खेळत असतात. कापण्यापूर्वी गड्ड्यास दोन्ही बाजूंनी दोर बांधून तो पक्का करावा, मुलांना व जनावरांना दूर न्यावे, आणि गड्ड्याच्या मागे एकही माणूस उभा राहणार नाही याची खात्री करून घ्यावी.

घराच्या छपरावर टेकलेला माड हे काम सर्वांत नाजूक. येथे खोड एकदम कापू नये. प्रथम छपराखाली आतून वाशांना टेकू द्यावेत, घरातील माणसे बाहेर काढावीत, मग शेंड्याकडील झावळ्या व नारळ उतरवून वजन हलके करावे. त्यानंतर दोरखंड शेजारच्या भक्कम झाडावरून कप्पीतून घेऊन खोडाचे तुकडे एक एक करून धरत-धरत खाली सोडावेत. नारळ पाडणारे गडी हे काम उत्तम करतात. त्यांना योग्य मजुरी देऊन बोलवावे. घरच्या तरुणाने शिडीवर उभे राहून डोक्यावर करवत चालवू नये. यांत्रिक करवत खांद्याच्या वर कधीही उचलावयाची नसते. एक झाड दुसऱ्यात अडकून लोंबकळत असेल, तर त्याच्याखाली जाऊ नये व ज्या झाडाने ते अडविले आहे ते कापू नये; दुरून दोराने ओढून ते सोडवावे.

फांद्यांच्या ढिगाऱ्यात पहिल्या दोन-तीन दिवसांत साप आश्रय घेतात. ढीग हाताने न उपसता लांब काठीने किंवा आकड्याने ओढावा, आणि पायात बूट असावेत. मे महिन्यात कावळे व बगळे यांची घरटी झाडांवर असतात. पिल्ले जिवंत सापडल्यास जवळच्या उभ्या झाडावर टोपली बांधून तीत ठेवावीत. जखमी पक्षी वनखात्याच्या किंवा प्राणिमित्रांच्या स्वाधीन करावेत.

सर्वच पडलेली झाडे जळण नव्हेत

उन्मळलेले झाड पाहून ते गेले असे समजण्याची घाई होते. आंबा, फणस, चिकू, पेरू यांसारख्या झाडांच्या बाबतीत, विशेषतः दहा-पंधरा वर्षांपर्यंतच्या कलमांच्या बाबतीत, ही समजूत चुकीची आहे. मुळांपैकी निम्मी तरी जमिनीत शाबूत असतील आणि खोड चिरलेले नसेल तर झाड पुन्हा उभे करता येते. निसर्गाच्या वेळी कोकणातील अनेक बागायतदारांनी अशी झाडे उभी केली. मात्र वेळ महत्त्वाची. उघडी मुळे उन्हात वाळली की उपाय राहत नाही. मे महिन्याच्या उन्हात त्यास दोन दिवसही पुरतात. म्हणून झाड उभे करावयास माणसे मिळेपर्यंत मुळांवर ओले गोणपाट टाकून ते सतत भिजते ठेवावे. सर्व कामांत हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अधिक दुर्लक्षित काम आहे.

झाड उभे करण्यापूर्वी त्याचा विस्तार एक-तृतीयांश ते निम्म्यापर्यंत छाटावा, कारण तुटलेल्या मुळांना पूर्वीइतकी पाने पोसता येत नाहीत. पिचलेली मुळे धारदार कोयत्याने निरोगी भागापर्यंत साफ कापावीत. खड्डा पडल्या बाजूच्या उलट दिशेने रुंद करावा, म्हणजे मुळे दुमडणार नाहीत. खोडास गोणपाट गुंडाळून त्यावर दोर बांधावा; नुसता दोर सालीत रुततो व साल सोलली जाते. मग दोघा-चौघांनी कप्पीने हळूहळू, थांबत-थांबत, ओढावे. एका दमात खेचल्यास उरलेली मुळेही तुटतात. झाड पूर्ण सरळ झाले नाही तरी चालेल. थोडे कलते झाडही फळ देते. खड्डा चांगल्या मातीने भरून पायाने दाबावा, भरपूर पाणी द्यावे आणि तीन दिशांनी बांबूचे टेकू किंवा दोरांचे ताण द्यावेत.

छाटलेल्या जागांना बोर्डो मलम लावावे. एक किलो मोरचूद व एक किलो कळीचा चुना निरनिराळ्या भांड्यांत पाच-पाच लिटर पाण्यात भिजवून मग एकत्र ढवळले म्हणजे हे मलम तयार होते. भांडी प्लॅस्टिकची किंवा मातीची घ्यावीत, लोखंडाची नकोत. सावलीतले खोड एकाएकी उन्हात आल्याने साल भाजते, म्हणून खोडास चुन्याचा हातही द्यावा.

किनाऱ्यालगतच्या वाड्यांत आणखी एक दृश्य दिसते. झाड उभे असते, पण समुद्राकडील बाजूची सारी पाने तांबूस होऊन करपलेली असतात. हा खाऱ्या तुषारांचा परिणाम होय. झाड मेले असे नव्हे. नखाने कोवळ्या फांदीची साल खरवडून पाहावी. आत हिरवा थर दिसला तर झाडास पावसाळाभर हात लावू नये, पुष्कळदा ते नव्याने फुटते.

गुलमोहर व सोनमोहर यांची गोष्ट निराळी. यांची लाकडे ठिसूळ, मुळे उथळ. बांधकामामुळे एका बाजूची मुळे तोडली गेलेली असल्यास ही झाडे उभी करून उपयोग नाही. पुढील वाऱ्यात ती पुन्हा पडतात. उपनगरांतील अनेक झाडांच्या बुंध्यापर्यंत सिमेंटची फरसबंदी केलेली असते व शेजारून नळांचे चर गेलेले असतात, तेव्हा दोष एकट्या झाडास देता येत नाही.

माडाचे लाकूड पडून राहू देऊ नये

माडास एकच वाढता कोंब असतो. कोंब मोडला की माड संपला. त्यास बाजूची फूट येत नाही. मोठा माड मुळांतून उपटला गेला असल्यास तो पुन्हा लावण्याचा खटाटोप बहुधा वाया जातो. नुसता कललेला, कोंब शाबूत असलेला माड मात्र जगतो, त्याच्या बुंध्याशी मातीची भर घालावी.

मेलेला माड वाडीत पडून राहणे ही उरलेल्या माडांवर ओढवून घेतलेली आपत्ती असते, आणि नेमकी हीच गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. गेंड्या भुंग्याची मादी कुजणाऱ्या माडाच्या खोडात, बुंध्यात, शेणखताच्या उकिरड्यात व कंपोस्टच्या खड्ड्यात अंडी घालते. अळ्या तेथेच काही महिने वाढतात. त्यातून निघालेले भुंगे रात्री उडून उभ्या माडांच्या शेंड्यात शिरतात आणि न उमललेला कोंब कुरतडतात. पुढे ते पान उघडते तेव्हा कात्रीने पंख्यासारखे कापल्याप्रमाणे दिसते. हीच या किडीची ओळख. भुंग्याने केलेल्या जखमेतून सोंड्या भुंगा आत जातो आणि त्याच्या अळ्या गाभा खाऊन माड मारतात. म्हणजे मे महिन्यातील वादळाने पाच माड पाडले असतील, तर त्यांच्या न हलविलेल्या ओंडक्यांमुळे पुढील वर्षी आणखी माड जाऊ शकतात, आणि त्या वेळी वादळास बोल लावता येत नाही. शेजाऱ्याची वाडी साफ नसेल तर आपली साफ असूनही उपयोग थोडा. भुंग्यास कुंपण नसते. यासाठी गावातील कार्यकर्त्यांनी आळीतील सर्व वाड्यांचे काम एकाच वेळी हाती घ्यावयास लावणे इष्ट.

जुन्या माडाच्या खोडाचा बाहेरील भाग टणक असतो. त्याचे वासे, कुंपणाचे खांब व ओहोळावरील साकव होतात. उरलेले खोड उभे चिरावे, म्हणजे ते लवकर वाळते व किडीस राहण्याजोगे राहत नाही. अखंड ओंडके रचून ठेवू नयेत. बुंधा खणून काढणे सर्वांत चांगले. ते न जमल्यास जमिनीलगत कापून त्यावर वीतभर मातीचा थर द्यावा. झावळ्यांचे झाप विणून ठेवावेत. पावसाळ्यात पडवीस व गोठ्यास ते लागतातच. मुंबईत उघड्यावर कचरा पेटविण्यास मनाई आहे, म्हणून पानांचा ढीग जाळू नये, तो खड्ड्यात कुजवावा. मात्र हा खड्डाच भुंग्याचे घर होऊ नये म्हणून तो महिन्या-दोन महिन्यांनी उलटा करावा, पांढऱ्या जाड अळ्या वेचून माराव्यात आणि मेटॅऱ्हायझियम ही हिरवी बुरशी मिळाल्यास ती त्यात मिसळावी. ही बुरशी अळ्यांना रोग आणते.

उभ्या राहिलेल्या माडांकडेही त्याच आठवड्यात पाहावे. वाऱ्याने मोडलेल्या व लोंबणाऱ्या झावळ्या काढून टाकाव्यात, पण हिरव्या झावळ्यांना हात लावू नये. शेंड्याकडील दोन-तीन पानांच्या बेचक्यांत प्रत्येक माडामागे पाव किलो निंबोळी पेंड व पाव किलो वाळू मिसळून घालावी, म्हणजे भुंगा आत शिरत नाही. कोंबाजवळ जखम झालेली असल्यास तेथे बोर्डो मलम लावावे, कारण पावसात कोंब कुजण्याचा रोग अशाच जखमांतून लागतो.

आंबा व फणस यांचे लाकूड उपयोगी आहे. फळ्या पाडून त्या सावलीत, मध्ये काड्या घालून व जमिनीपासून उंच, रचाव्यात. गुलमोहराचे लाकूड जळणापलीकडे कामाचे नाही.

पहिला मोठा पाऊस येण्यापूर्वी मुळांचे खड्डे भरून घ्यावेत. ते उघडे राहिल्यास त्यांत डास होतात, आणि उपनगरांत हिवताप व डेंग्यू पावसाळ्यातच वाढतात. नवा माड लावावयाचा असल्यास तो पडलेल्या माडाच्या जागी नव्हे, तर थोडा बाजूस, एक मीटर लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन लावावा. दोन माडांत साडेसात मीटर अंतर ठेवावे आणि घराच्या छपरापासून तो दूर असावा. समुद्राच्या बाजूस उंडी, भेंडी व सुरू यांची रांग लावल्यास वाऱ्याचा जोर अडतो. उभ्या केलेल्या आंब्यास त्या वर्षी मोहोर आल्यास तो खुडून टाकावा, आणि टेकू दुसरा पावसाळा उलटल्यावरच काढावेत.